रणभूमीचा पत्ता: विग्रिद आणि पंचवटी

१/
नॉर्स पुराणकथांत देव आणि त्यांचे शत्रू यांचे अखेरचे युद्ध 'विग्रिद' नावाच्या मैदानावर होणार आहे. तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने त्याचे माप नोंदवले: प्रत्येक दिशेला १०० मजला. ते मैदान पृथ्वीवर नेमके कुठे, हे मात्र कथा सांगत नाही.

२/
नाशिकच्या पंचवटीचे उलट आहे. वाल्मीकी रामायणाच्या अरण्यकांडात शूर्पणखेच्या विटंबनेचा सूड घेण्यासाठी जनस्थानाचा खर आधी १४ राक्षस धाडतो. ते मारले जाताच दूषण आणि त्रिशिरा यांच्यासह १४,००० सैन्य घेऊन तो स्वतः निघतो. राम सीतेला लक्ष्मणासोबत गुहेत पाठवतो आणि एकटा उभा राहतो. दीड मुहूर्तात, म्हणजे सुमारे ७२ मिनिटांत, सारे सैन्य संपते.

३/
काव्यात त्या गुहेचा पत्ता नाही. तो लोकांनी दिला. पाच वडांजवळची सीतागुंफा आजही दाखवली जाते. शूर्पणखेच्या नासिकेवरून नाशिक हे नाव पडले, असे परंपरा मानते. गोदावरीच्याच काठी, भद्राचलमजवळच्या पर्णशाळेतही पंचवटी दाखवली जाते. यातून युद्ध घडल्याचे सिद्ध होत नाही. श्रद्धेने भूमी कशी आपलीशी केली, ते कळते.

४/
भूमी पवित्र ठरली की तिथे पाऊल कोणी ठेवायचे, हा प्रश्न उभा राहतो. पंचवटीतील काळाराम मंदिर सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकात उभारले. त्याची दारे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना बंद होती. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो सत्याग्रही त्या दारांशी आले. स्थानिक आघाडीवर दादासाहेब गायकवाड होते. त्याच वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली.

५/
कथेत रामासमोर १४,००० शस्त्रधारी होते. येथे रामाच्या दर्शनासाठी आलेले हजारो निःशस्त्र होते आणि समोर बंद दार होते. लढा काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी घोषणा केली की आपण हिंदू म्हणून मरणार नाही.

६/
विग्रिदवर कोणालाही अडवता येत नाही, कारण तिथे जाण्याची वाट नाही. पंचवटीला वाट होती, आणि ती काहींनी अडवली. या रणभूमीचा लिखित पुराव्यानिशी सांगता येणारा इतिहास तिथूनच सुरू होतो.