साखळी, वीज आणि चुंबक

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूत, एरवाडी दर्ग्याजवळच्या एका खासगी मनोरुग्ण निवासाला आग लागली. २८ रुग्ण जळून मेले. साखळदंडाने बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. तेव्हा पुष्कळ शिकलेल्या मंडळींनी सारा दोष 'अंधश्रद्धे'वर टाकला. दोष होताच. पण बांधून इलाज करण्याची सवय फक्त दर्ग्यांपुरती नव्हती.

१९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी माणसाच्या मेंदूला पहिल्यांदा विजेचा झटका दिला. रुग्ण रेल्वे स्टेशनवर भटकताना पोलिसांना सापडलेला. त्याची रजामंदी कुणी विचारली नाही. पहिला झटका अपुरा पडला, तेव्हा दुसरा देऊ नका असे तो म्हणाला. तरीही दिला. हे खुद्द चेर्लेत्तींनीच सांगून ठेवले आहे. तो माणूस पुढे सुधारला, म्हणून त्याचा नकार इतिहासात मागे पडला. मला तोच महत्त्वाचा वाटतो.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे ९५ वे कलम मुद्दाम वाचावे. भूल न देता झटके देणे आणि रुग्णाला साखळीने बांधणे, दोन्हींना एकाच कलमात बंदी आहे. रोम आणि एरवाडी तिथे शेजारी बसले आहेत.

त्या कलमात चुंबकाचे नाव नाही. १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून, चुंबकी क्षेत्राच्या जोरावर मेंदूत सौम्य विद्युतप्रवाह निर्माण करून दाखवला. २००८ मध्ये अमेरिकेत हा उपचार नैराश्यासाठी मंजूर झाला. भूल लागत नाही, रुग्ण जागा असतो. डोके दुखू शकते, क्वचित फिट येऊ शकते. काहींना गुण येतो, काहींना नाही.

साखळी दिसते, झटक्याची भीती वाटते. चुंबकाची कुणालाच वाटत नाही. बाजारातले चुंबकी कडे आठवते आणि घरचे लोक परस्पर 'हो' म्हणून टाकतात. आठवडेच्या आठवडे रोज खुर्चीत बसायचे असते रुग्णाला, पैसे मोजायचे असतात घराला. गुण नाही आला तर काय, हे आधी कोण सांगतो? निकाहात मुलीला विचारल्याशिवाय काझीसाहेब पुढे जात नाहीत. इथे मात्र आजारी माणसाला विचारायचे असते हेच आपण विसरतो.

त्याच कायद्याच्या ५ व्या कलमानुसार, उद्या आजारी पडलो तर कोणता उपचार हवा आणि कोणता नको, हे कोणतीही सज्ञान व्यक्ती आजच लिहून ठेवू शकते.