बल्लारीच्या शाळेतले चार गट

1823 मध्ये बल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने आपल्या जिल्ह्यातल्या गावशाळांचा अहवाल मद्रास सरकारला पाठवला. शाळा 533, मुले 6641, म्हणजे शाळेमागे सरासरी बारा मुले. त्यांत 235 शाळा कानडी, 226 तेलुगू आणि 23 मराठी होत्या. या आकड्यांहून मोलाचे आहे ते त्याने केलेले शाळेच्या दिवसाचे वर्णन. मुले सकाळी सहाला येत. पहिल्या आलेल्याच्या तळहातावर मानाने सरस्वतीचे नाव लिहीत, दुसऱ्याच्या हातावर शून्य, आणि तिसऱ्यापासून पुढच्यांना छडी. मग संख्या आणि तयारी पाहून मुलांचे गट पाडत, बहुधा चार. खालचे गट पुढे गेलेल्या मुलांच्या हाती, वरचे पंतोजींकडे. पण पंतोजींची नजर सगळ्या शाळेवर असे. कोणी नुकता धुळीत बोटाने अक्षर गिरवत असे, तर त्याच छपराखाली दुसरा पोथी वाचत असे. वरच्या गटात जायचे ते वयावरून ठरत नसे, येत काय आहे यावरून ठरे.

ही पद्धत तोवर विलायतेला पोचलीही होती. मद्रासच्या एग्मोर भागातल्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख अँड्र्यू बेल याने मलबारी मुलांच्या एका शाळेत वाळूवर अक्षरे काढताना मुले पाहिली आणि तोच प्रकार आपल्याकडे सुरू करायला सांगितले. खालच्या वर्गाचा शिक्षक तयार होईना, तेव्हा बेलने जॉन फ्रिस्कन या आठेक वर्षांच्या मुलाकडे तो वर्ग सोपवला. वर्ग चालला. 1797 मध्ये बेलने लंडनमध्ये या प्रयोगावर पुस्तिका काढली. पुढच्याच वर्षी तिथल्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टरने अशाच तऱ्हेची शाळा उभारली आणि एक शिक्षक हजार मुलांना शिकवू शकेल असा दावा केला. माझ्या मते गफलत इथेच झाली. लँकेस्टरच्या शाळेतही गट लहानच होते. भिंतीवर टांगलेल्या तक्त्यासमोर आठ-दहा मुले अर्धवर्तुळात उभी राहत आणि एक मोठा मुलगा त्यांच्याकडून वाचून घेई. हरवला होता तो शिक्षकाचा कान. बारा मुलांच्या शाळेत कोण कुठे अडखळतो ते पंतोजींना बसल्या जागी ऐकू येई. शेकडो मुलांच्या दालनात त्या कानाच्या जागी घंटा, हुकूम आणि बिल्ले आले. गट लहान ठेवला की झाले, हा समज तेव्हापासूनचा आणि तो अपुरा आहे.

यावर कोणी म्हणेल, बल्लारीच्या शाळांचे इतके कौतुक कशाला? तिथली मुले अर्थ न कळता श्लोकच्या श्लोक घोकत, हे खुद्द कॅम्पबेलनेच लिहिले आहे. शिवाय 6641 मुलांत मुली अवघ्या साठ. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि छडीसकट त्या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मुलींना बाहेर ठेवण्याचा दोष समाजाचा होता, गटाचा नव्हता. घोकंपट्टीचे मात्र तसे नाही. पुस्तके बोलीपासून दूरच्या भाषेत होती हे तिचे एक कारण. दुसरे कारण पद्धतीतच होते. अक्षर बरोबर की चूक, हे दहा वर्षांचा मुलगा सांगू शकतो. वाचलेले समोरच्याला कळले की नाही हे ताडणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. तिथे जाणते माणूसच लागते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: साठ मुलांच्या वर्गात एकेकाचे वाचन कधी ऐकायचे? याला मुंबईतच एक उत्तर सापडले. 1995 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, शाळा पुरी केलेल्या तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वेगळे घेऊन बसत. मुंबई आणि बडोद्यात अर्थशास्त्रज्ञांनी या उपक्रमाची काटेकोर तपासणी केली तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. पुढे इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांवर मुलांचे गट करण्याची रीत याच संस्थेने देशभर नेली. बल्लारीचे चार गट आणि हे गट यांत तत्त्व एकच आहे. फरक इतकाच की पुढे बसलेली व्यक्ती आता प्रौढ आहे आणि तिला या कामाचे प्रशिक्षण मिळाले आहे.

म्हणून शाळेच्या वेळापत्रकात गटवाचनाचा तास घालणाऱ्या मुख्याध्यापकांनी आणि शिक्षण समित्यांनी गटात मुले किती हे जरूर पाहावे. पण त्याआधी एक विचारावे: आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक मुलाचे वाचन कोणते जाणते माणूस ऐकणार आहे, त्याचे नाव कागदावर लिहिले आहे का?