रेंजफाइंडर कॅमेऱ्याचे लघु टेलिफोटो भिंग : लहान, स्वस्त आणि पुरेशा साधनाचा इतिहास

प्रस्तावना

छायाचित्रणाच्या इतिहासलेखनात भिंगांची थोरवी सामान्यतः त्यांच्या प्रकाशग्रहणक्षमतेवरून ठरविली जाते. जे भिंग अधिक प्रकाश घेते, ते श्रेष्ठ, असा एक रूढ समज आहे. ३५ मिमी फिल्मच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी तयार झालेल्या ७३ ते १०५ मिमी नाभीय अंतराच्या भिंगांचा इतिहास मात्र या समजाला छेद देतो. येथे दीर्घकाळ टिकले ते मध्यम क्षमतेचे, वजनाने हलके आणि तुलनेने स्वस्त भिंग. असे का घडले, याची तांत्रिक व ऐतिहासिक कारणे शोधणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

अंतरमापनाची मर्यादा

जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कंपनीत ऑस्कर बारनॅक यांनी घडविलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. १९३० मध्ये त्याला भिंगे बदलण्याची सोय मिळाली आणि १९३२ च्या लायका दोनमध्ये भिंगाशी जोडलेला अंतरमापक आला. त्याच वर्षी झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स हा प्रतिस्पर्धी कॅमेराही अवतरला.

या कॅमेऱ्यांत छायाचित्रकार भिंगातून पाहत नाही. दोन खिडक्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळल्या की अंतर निश्चित होते. या मापनाची अचूकता खिडक्यांमधील अंतर आणि दर्शकाचे प्रतिमावर्धन यांच्या गुणाकारावर, म्हणजेच परिणामी पायावर, अवलंबून असते. नाभीय अंतर जितके मोठे आणि छिद्र जितके रुंद, तितकी चूक सामावून घेण्याची मुभा कमी होते.

दुसरी मर्यादा दर्शकाची. त्यातील चौकट भिंगानुसार लहान होत जाते. ५० मिमीच्या चौकटीच्या तुलनेत ९० मिमीची चौकट क्षेत्रफळाने सुमारे तीन-दशांश, तर १३५ मिमीची जेमतेम एक-सप्तमांश भरते. ९० मिमीच्या आसपासचे भिंग व्यक्तिचित्रासाठी सोयीचे असते, कारण चेहऱ्याच्या फार जवळ न जाताही चौकट भरता येते. शिवाय ते दर्शकाच्या आवाक्यातही राहते.

दोन वाटा : १९३१ ते १९५०

लाइट्झने १९३१ च्या सुमारास दोन भिन्न भिंगे पुढे आणली. ७३ मिमी एफ/१.९ हेक्टर हे त्या काळाच्या मानाने अतिशय वेगवान होते. ९० मिमी एफ/४ एल्मार हे साधे, चार घटकांचे भिंग होते. पाठोपाठ १०५ मिमी एफ/६.३ एल्मार आले. गिर्यारोहकांना सोयीचे असे हलके असल्यामुळे त्याला ‘पर्वतीय एल्मार’ हे नाव पडले. कॉन्टॅक्ससाठी लुडविग बेर्टेले यांच्या रचनेचे ८५ मिमी एफ/२ सोनार होते. त्याच कॅमेऱ्यासाठी तीन घटकांचे ८५ मिमी एफ/४ ट्रायोटार हा किफायतशीर पर्यायही उपलब्ध होता. वेगाची वाट आणि काटकसरीची वाट अशा दोन्ही आरंभापासूनच समांतर होत्या.

वेगाची किंमत गणिताने स्पष्ट होते. ९० मिमी एफ/२ भिंगाला ४५ मिमी व्यासाचे प्रवेशछिद्र लागते. एफ/४ ला केवळ २२.५ मिमी पुरते. प्रकाश चौपट मिळतो, परंतु काच, धातू, वजन आणि किंमत हे सारे वाढते. मोठे भिंग दर्शकासमोर आडवेही येते.

वेगवान भिंगांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. १९५० मध्ये टोकियोत जुन मिकी यांनी ८५ मिमी एफ/२ निक्कोर भिंगाने ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांचे छायाचित्र घेतले. त्याचा दर्जा पाहून डंकन यांनी निक्कोर भिंगे स्वीकारली आणि कोरियन युद्धात वापरली. जर्मन भिंगांची मक्तेदारी ढासळण्यास तेथून गती मिळाली. तथापि ही गरज कमी प्रकाशात काम करणाऱ्या युद्धवार्ताहराची होती. प्रत्येक छायाचित्रकाराची नव्हे.

स्वस्ताईचे दोन अर्थ

दुसऱ्या महायुद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात गेली आणि सोनारच्या रचनेवर ज्युपिटर-९ हे ८५ मिमी एफ/२ भिंग तयार झाले. किंमत अल्प आणि वेग पूर्ण, असा हा पर्याय होता. परंतु स्क्रू बैठकीच्या सोव्हिएत भिंगांची अंतरमापकाशी असलेली जुळणी लायकाच्या मानकाशी तंतोतंत मिळत नसे. छिद्र पूर्ण उघडून जवळचा विषय टिपताना ही उणीव उघडी पडे. खरेदीची किंमत कमी असली, तरी जुळवून घेण्याचा खर्च निराळा होता.

१९५४ चा लायका एम३ हा या परंपरेतील उच्चांक मानला जातो. ५०, ९० आणि १३५ मिमीच्या चौकटी आणि ६२ मिमीहून अधिक परिणामी पाया यांमुळे त्यावर वेगवान भिंगेही विश्वासाने वापरता येत. १९५७ च्या सुमारास आलेले ९० मिमी एफ/२ सुमिक्रॉन सहाशे ग्रॅमहून जड होते. याच १९५४ मध्ये कोडॅकची ट्राय-एक्स फिल्म ३५ मिमी स्वरूपात आली. फिल्मचा वेग वाढल्याने एफ/४ भिंगाची उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली.

या विचाराची तर्कशुद्ध परिणती १९७३ च्या लायका सीएल या छोट्या कॅमेऱ्यात दिसते. मिनोल्टाच्या सहकार्याने तयार झालेल्या या कॅमेऱ्याचा पाया ३१.५ मिमी आणि प्रतिमावर्धन ०.६० होते, म्हणजे परिणामी पाया १८.९ मिमी, एम३ च्या एक-तृतीयांशाहूनही कमी. त्यासाठी दिलेले ९० मिमी एफ/४ एल्मार-सी सुमारे अडीचशे ग्रॅमचे होते. एफ/४ ही येथे कंजुषी नव्हती. त्या कॅमेऱ्याच्या मापनशक्तीला झेपेल अशी ती निवड होती.

१९९९ मध्ये जपानच्या कोसिना कंपनीने फोक्टलँडर या नावाने ७५ मिमी एफ/२.५ कलर-हेलियार हे छोटे भिंग आणले आणि पुढे ९० मिमी एफ/३.५ अपो-लँथार. जर्मन भिंगांच्या किमती न परवडणाऱ्यांसाठी त्या जुन्या सूत्राचेच हे पुनरुज्जीवन होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून लघु टेलिफोटो भिंगाच्या निवडीच्या तीन कसोट्या हाती येतात. पहिली, कॅमेऱ्याचा परिणामी पाया त्या भिंगाला पुरेसा आहे काय. दुसरी, ते दिवसभर सोबत बाळगता येईल इतके हलके आहे काय. आणि तिसरी, त्याची अंतरमापकाशी जुळणी बिनचूक आहे काय. प्रकाशग्रहणक्षमतेचा विचार या तिन्हींनंतर यावा. आज हीच जुनी भिंगे अडॅप्टरच्या साहाय्याने आरसाविरहित डिजिटल कॅमेऱ्यांवर वापरली जातात. तेथे प्रतिमा थेट संवेदकावरून पाहता येत असल्याने पहिली आणि तिसरी कसोटी गळून पडते. उरते ती दुसरी. घरी कपाटात राहिलेल्या श्रेष्ठ भिंगापेक्षा खिशात मावलेल्या सामान्य भिंगाने अधिक छायाचित्रे घेतली जातात, ही साधी बाब इतिहासलेखनाने लक्षात घ्यावयास हवी. साधनाचे मोल ठरविताना त्याच्या कमाल सामर्थ्याइतकाच त्याच्या वापराचाही विचार होणे अगत्याचे आहे.