भिंतीतला रुमाल

मागच्या खेपेला आपण गटाच्या कर्जाच्या नोंदी कशा ठेवायच्या ते बोललो. आजचा विषय इतिहासाचा आहे, पण तोही कागदांचाच.

आमच्या एका गटातल्या अकरा जणींनी मिळून गावातलं एक जुनं घर विकत घेतलं. मसाला कांडप यंत्र ठेवायला जागा हवी होती. मालक शहरात राहतात, घर वीस वर्षं बंद. खरेदीखत अकरा जणींच्या नावावर झालं. पहिलं आश्चर्य आठवड्यातच निघालं, घरपट्टीची थकबाकी आणि जुनं लाइटबिल. ते भरलं. माझी चूक अशी की व्यवहाराआधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला हवं होतं, ते मी समन्वयक असून विसरले. असो.

दुसरं आश्चर्य माजघरात. फरशी झाडताना एका जागी पोकळ आवाज आला. दगड सरकवला तर खाली पेव. पूर्वी जोंधळा साठवायला जमिनीत असं पेव खणायचे, तोंड अरुंद, पोट मोठं. सांगलीजवळच्या हरिपूरला अशाच पेवांत हळद ठेवत. २००५ च्या महापुरात तिथली बरीच पेवं खराब झाली. आमच्या पेवाची बातमी तासाभरात गावभर झाली आणि ‘बायांना हंडा सापडला’ असं ठरूनही गेलं. दोघी आत उतरायला निघाल्या होत्या. गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी त्यांना हाताला धरून मागं ओढलं. दोरीला कंदील बांधून खाली सोडला, तर तो विझला. बंद पेवात दाणे, भुसा कुजतो, चांगली हवा संपते आणि जड वायू तळाशी साचतो. अशा पेवात उतरून माणसं गेलेली आहेत. दिवा जळत राहिला तरी भरवसा धरू नका. आम्ही चार दिवस तोंड उघडं ठेवलं, वरूनच बॅटरी मारून पाहिलं, आत भुसा आणि फुटकं मडकं होतं. मुरूम टाकून पेव बुजवलं.

हंड्याचं निघालंच आहे तर सांगते. घरात किंवा शेतात खरोखर पुरलेलं धन मिळालं तर काय करायचं याचा कायदा इंग्रजांनी १८७८ साली केला, भारतीय निखात निधी अधिनियम. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही मिळालं तर काय मिळालं, कुठं, कधी, अंदाजे किती, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मग ते जाहीर सूचना काढतात, दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतात. गेल्या शंभर वर्षांत ते धन अमक्याने पुरलं असा दावा कुणी केला, तर आधी कोर्टात त्याचा निकाल लागतो. कुणी धनीच नाही असं ठरलं, आणि जागेचा मालक वेगळा असून दोघांत तसा काही करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला. सरकारला वस्तू हवी असेल तर तिच्या धातूची किंमत आणि वर पाचवा हिस्सा देऊन घेता येते. सापडणाऱ्याने लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. आणि गुप्तधन काढून देतो म्हणणारा मांत्रिक दारात आला, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे त्याला उंबऱ्याबाहेरूनच ऐकवावं.

आमच्या घरात हंडा नव्हता. होता तो रुमाल. माजघराच्या भिंतीत एक देवळी विटा लावून बंद केलेली होती. गवंड्याने ती फोडली तेव्हा लाल कापडात बांधलेलं गाठोडं खाली पडलं. जुन्या दप्तरात कागद असे कापडात बांधून ठेवत, त्यालाच रुमाल म्हणत. आत पिवळे, कडा कुरतडलेले मोडीतले कागद. वाचायला कुणालाच येईना. मी दुसऱ्या दिवशी पोचले, तोवर तीन-चार कागद शेजारच्या बंबात गेले होते. त्या काकूंना दोष देत नाही. आपण घर आवरताना हेच करत आलोय. सरपणाला कागद बरा पेटतो.

बी.ए.ला मी इतिहास घेतला होता. पानिपतावर प्रश्न यायचा, उत्तर पाठ करायचो. पण ती लढाई आपल्याला इतक्या बारकाईने कळते ती कशावरून, हे मला फार उशिरा समजलं. वाईला जुन्या कागदांचा मोठा साठा मिळाला होता. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी ते कागद वाचले आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत, म्हणजे थेट पानिपतापर्यंतची. पुढे राजवाड्यांनी गावोगाव फिरून अशीच दप्तरं गोळा केली, त्या साधनांचे २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. लोक कागद सहज दाखवत नसत. वतनाचा वाद उकरला जाईल, भाऊबंद दावा लावतील अशी भीती. कुठे उंदरांनी खाल्लेले, कुठे पावसाने भिजलेले. जे गेलं ते गेलंच.

पण कागद जाळणारे सगळे अडाणी होते असंही नाही बरं का. काहींनी पूर्ण समजून जाळले. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, आज ते बारामती तालुक्यात आहे. बाजाराचा दिवस होता. त्याआधी अमेरिकेत युद्ध चाललेलं असताना आपल्या कापसाला भाव आला होता, सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडला, सारा मात्र वाढला. सुप्याला शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले आणि त्यांनी मागितलं काय, तर कर्जरोखे. मिळाले ते जाळले. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत तसंच झालं. सावकार रोखे देईल तिथे बहुधा अंगाला हात लागला नाही. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. नुसता रोखा पाहून निकाल न देता, मुळात किती दिले आणि व्याज किती चढवलं हे कोर्टाने तपासावं, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, आणि रोखे गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावेत, असं त्यात होतं.

आता आमचा रुमाल. तालुक्याला एक निवृत्त गुरुजी आहेत, मोडी वाचतात. मोडीत आधी डोक्यावरची रेघ ओढून घेतात, मग खाली अक्षरं, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही. त्यांनाही एकेका ओळीला वेळ लागत होता. बरेचसे कागद हिशेबाचे निघाले. एक मात्र गहाणखत, शके १७८९ चं. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १८६७ साल. एका विधवा बाईने ४५ रुपयांना राहतं घर गहाण दिलेलं. व्याज दरमहा शेकडा दोन.

हे वाचलं तेव्हा खोलीत शांतता झाली. आमच्या गटाचा दरही शंभराला महिना दोनच आहे. आमचं व्याज आमच्याच पेटीत परत येतं, आणि व्याजाचं मुद्दल करून नवा रोखा कुणी लिहून घेत नाही, हा फरक आहे. तरी मी त्या रात्री हिशेब मांडला. दोन वर्षं काही फिटलं नाही तर ४५ चे ६६ च्या वर होतात. त्याचा नवा रोखा, त्यावर पुन्हा व्याज. बाईला घर सुटलं असेल कसं?

सुटलं नाहीच. कागदात घराची चतुःसीमा दिली होती. पूर्वेस वाट, दक्षिणेस मारुतीचं देऊळ, पश्चिमेस ओढा. आमचंच घर. आणि बाईचं आडनाव आमच्या गटातल्या एका ताईच्या सासरचं. तिची सासू मरेपर्यंत म्हणायची, ‘ते मारुतीजवळचं घर आपलं व्हतं.’ घरातले हसायचे. ताई त्या दिवशी काही बोलली नाही, नुसती कागदाकडे बघत बसली. नंतर तिच्या मुलाने वकीलबाईंना विचारलं. त्यांनी कागद पाहून सांगितलं की मधे घर दोनदा विकलं गेलंय, इतक्या जुन्या कागदावर आज हक्क मागता येणार नाही. ताई म्हणाली, मागायचा कुणाकडं, माझ्याच अकराव्या हिश्शाचं घर आहे की.

तुमच्या घरी असे कागद निघाले तर त्यांना चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सुती कापडात, कोरड्या जागी ठेवा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग होतात, आमच्या दोन मुलींना आम्ही पाठवणार आहोत.

एक सांगायचं राहिलं. त्या गहाणखताच्या तळाशी लिहिणाऱ्याचं नाव होतं, साक्षीदारांची नावं होती आणि बाईच्या नावापुढे एक छोटं वाटोळं काढलेलं होतं. मला वाटलं डाग असेल. गुरुजी म्हणाले, ही निशाणी बांगडी. तेव्हा लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगर काढायचा, बाई बांगडी काढायची. अंगठा उठवायची पद्धत नंतर आली.

आमच्या मावशी अजून अंगठाच देतात. आमच्या खरेदीखतावरही त्यांचा अंगठा आहे, आणि त्या दिवशी शाई पुसता पुसेना म्हणून त्या चिडल्या होत्या. गुरुजींकडून परत येताना एस.टी.त त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मला आधी सांगितलं असतं तर मी बी बांगडीच काढली असती.”