मूळ रूप कोणतं?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आमच्या घरच्या जुन्या ठासणीच्या बंदुकीचं.

ही बंदूक मी जन्मल्यापासून भिंतीवरच पाहतोय. नळी गंजलेली, चाप अडकलेला. निकामी असल्याची नोंद आबांनीच पोलीस ठाण्यात करून ठेवली होती. ते सांगायचे, ‘वडगावच्या लढाईत इंग्रजांकडून घेतलेली आहे.’ आम्ही पोरं छाती फुगवून ऐकायचो. बेगडेवाडीहून लोकलने घोरावाडी, तळेगाव आणि मग वडगाव. इतक्या जवळचा इतिहास कोणाला नको असतो?

दिवाळीत पुतण्या आला. बंदूक खाली उतरवून म्हणाला, “काका, ही मूळची चकमकीची आहे. नंतर कोणीतरी टोपीची केली. एक कारागीर मिळालाय, पुन्हा मूळ रूपात आणून देतो.”

मुलाचं निरीक्षण बरोबर होतं. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते. चाप ओढला की ती पोलादी पट्टीवर आपटून ठिणग्या पडतात, वाटीतली रंजक पेटते आणि कानातून आग नळीतल्या दारूपर्यंत पोचते. पाऊस आला की रंजक भिजलीच. मावळच्या पावसात तर विचारूच नका! पुढे फॉर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट १८०७ साली घेतलं. १८२० च्या दशकात तांब्याच्या टोप्या आल्या आणि १८३० च्या दशकाअखेर इंग्रजी फौजेने ती पद्धत घेतली. जुन्या बंदुका फेकण्यापेक्षा बदलून घेणं स्वस्त. वाटी नि पट्टी काढायची, घोडा बदलायचा, कानाच्या जागी टोपी बसवायची बोंडी लावायची. आमच्या बंदुकीच्या बाजूच्या पट्टीवर बुजवलेली भोकं अजून दिसतात.

आता वडगाव. राघोबादादांना पेशवाईवर बसवायला मुंबईहून सुमारे ३,९०० इंग्रजी फौज घाट चढून आली. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आपला ‘इष्टुर फाकडा’, पडला. ९ तारखेला फौज तळेगावला पोचली तर गाव मराठ्यांनी आधीच जाळलेलं. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात टाकून ते मागे फिरले, वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजेने कोंडले गेले आणि तह करून सुटले. त्या शिपायांच्या हाती चकमकीच्याच बंदुका होत्या. म्हणजे आबांची गोष्ट अशक्य नाही. पण त्या काळी अशा बंदुका पुष्कळ होत्या, आणि आमची त्यांतलीच, असं सांगणारा एकही कागद घरात नाही.

माझी अडचण इथेच सुरू झाली. चकमक बसवली की बंदूक १७७९ ची दिसू लागेल आणि आबांची गोष्ट सिद्ध झाल्यासारखी वाटेल. शिवाय ती भोकं, ती बोंडी, म्हणजे खरा जो पुरावा आहे तो कायमचा पुसला जाईल. परदेशात चकमकीच्या बंदुकीला किंमत जास्त म्हणून असे उलटे बदल सर्रास करतात. ज्याने ती टोपीची करून घेतली, तोही कोणी आपलाच असेल. त्याचा काळ आपण का खोडायचा? आणि बंदूक चालू झाली तर परवान्याचा प्रश्न वेगळाच.

पुतण्याला हे पटलं. अक्काला सांगणं मात्र जड गेलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आबा खोटं बोलले का रे?”

चाळीस वर्षं वर्गात इतिहास शिकवला, पण या प्रश्नाला लगेच उत्तर सुचलं नाही. मग म्हटलं, “नाही गं. त्यांनी ऐकलं ते सांगितलं. मी पण तेवढंच सांगतो, वर काही घालत नाही.”

शेवटी बंदुकीला फक्त तेलाचा हात फिरवला. खाली एक चिठ्ठी चिकटवली: ‘मूळ चकमकीची. नंतर टोपीची केलेली. वडगावच्या लढाईतली, असे आबा सांगत. पुरावा नाही.’

अक्काने चष्मा लावून दोनदा वाचली. म्हणाली, “आबांचं पूर्ण नाव घाल. पोरांना कळायला नको?”

घातलं. असो. वडगावला आलात तर घरीही या, बंदूक दाखवीन.