चियाचे पाणी

गेल्या आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी माझी भाची पुण्याहून आली, ती बरोबर एक पुडी घेऊनच. पुडीत मोहरीपेक्षाही बारीक, करड्या-काळ्या ठिपक्यांचे बी होते. रात्री तिने पेलाभर पाण्यात दोन लहान चमचे बी टाकले, ढवळले, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा एकदा ढवळले आणि पेला झाकून ठेवला. सकाळी पाहतो तो प्रत्येक दाण्याभोवती काचेसारखे आवरण आले होते आणि सगळे पाणी दाटसर झाले होते. तिने त्यात अर्धे लिंबू पिळले, किंचित मीठ घातले आणि पेला माझ्या आईपुढे धरला. "आजी, हे घे. पोट साफ राहते."

आईने पेला उजेडात धरला आणि म्हणाली, "हा तर सब्जा."

"सब्जा नव्हे आजी, चिया. मेक्सिकोतला."

आईने पेला खाली ठेवला. "मग आज नको. परदेशातले बी उपासाला चालते की नाही, कोणास ठाऊक!"

भाची हसली, पण मला ते हसण्यावारी नेण्यासारखे वाटले नाही. उपासाला काय चालते आणि काय चालत नाही, हा आमच्या घरात कायद्याचा प्रश्न आहे, आणि कायद्याच्या प्रश्नाला दाखले लागतात. ते दाखले शोधता शोधता मी जिथे जाऊन पोचलो, त्याची ही हकीकत आहे.

आईची चूक तशी फार मोठी नव्हती. सब्जा हे तुळशीच्याच जातीतल्या एका झाडाचे बी, आणि चियाचे झाडही तुळशीच्याच कुळातले. दोन्ही बिया पाण्यात पडल्या की त्यांच्या सालीतला चिकट पदार्थ पाणी शोषून फुगतो. रानात पहिल्या पावसाबरोबर बी मातीला चिकटून राहावे आणि अंकुराला ओल मिळावी, एवढाच त्यातला निसर्गाचा हेतू. फरक इतकाच की सब्जा कोळशासारखा काळा असतो आणि पाच-दहा मिनिटांत फुलतो. चिया ठिपकेदार असतो आणि त्याला अधिक वेळ लागतो. आपल्या वजनाच्या दहापट पाणी तो सहज धरतो. शंभर ग्रॅम चियात सुमारे 34 ग्रॅम चोथा असतो. भाची पोटाबद्दल म्हणत होती ते यामुळेच. याच गुणापायी तो कोरडा मात्र गिळू नये. 2014 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत मांडली होती. त्याने चमचाभर कोरडे बी तोंडात टाकून वरून पाणी प्यायले आणि ते अन्ननलिकेतच फुगून अडकून बसले. जुन्या लोकांची आधी भिजवण्याची रीत उगीच नव्हती.

हे जुने लोक कोण? मेक्सिकोच्या पठारावर नाहुआत्ल भाषा बोलणारे लोक. ज्यांना आपण ॲझ्टेक म्हणतो ते याच लोकांपैकी. त्यांच्या भाषेत या बियांना 'चियान' म्हणत. मेक्सिकोच्या दक्षिणेकडील चियापास या प्रांताचे नावही या बियांवरूनच आले, असे सांगतात. मका, घेवडा, राजगिरा आणि चिया ही त्या राज्याची चार मुख्य धान्ये. चिया भाजून दळत, मक्याच्या पिठात मिसळत, पाण्यात कालवून पीत. त्याचे तेल काढून चित्रांना आणि भोपळ्याच्या भांड्यांना चकाकी आणीत. ओलिनाला गावच्या लाखकामात ते तेल आजही वापरतात.

याचा पुरावा एका पुस्तकात आहे, आणि त्या पुस्तकाचा प्रवास एखाद्या कादंबरीत शोभावा असा आहे. 13 ऑगस्ट 1521 रोजी तेनोच्तित्लान ही ॲझ्टेकांची राजधानी स्पॅनिश फौजेच्या आणि तिच्या स्थानिक मित्रांच्या हाती पडली. त्यानंतर वीसेक वर्षांनी, 1541 च्या सुमारास, तिथल्याच चित्रकारांनी जुन्या राज्याची एक चित्रमय वही तयार केली. स्पॅनिश व्हाइसरॉय मेंदोसा याच्या नावावरून तिला मेंदोसाची पोथी म्हणतात. कोणत्या प्रांताने दरवर्षी किती खंडणी द्यायची, हे तीत चित्रांनी दाखवले आहे: घोंगड्या, पिसे, कोको, आणि धान्याने भरलेली लाकडी कोठारे. खंडणी देणाऱ्या 38 प्रांतांपैकी 21 प्रांत चिया देत असत. ही वही स्पेनच्या राजासाठी जहाजावर चढली आणि वाटेत फ्रेंच चाच्यांनी जहाज लुटले. वही फ्रान्सच्या राजाचा भूगोलज्ञ आंद्रे तेवे याच्याकडे गेली. त्याने तीवर आपले नाव घातले. पुढे रिचर्ड हॅक्लुट या इंग्रजाने ती विकत घेतली. अशा चार हातांतून फिरून ती 1659 साली ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात विसावली. आजही ती तेथेच आहे. ज्यांच्या कोठारांची ती नोंद, त्यांच्या देशात मात्र ती नाही.

दुसरा ग्रंथ याहून मोठा आणि याहून करुण. बर्नार्दिनो दे साहागून हा फ्रान्सिस्कन साधू 1529 साली मेक्सिकोत आला, तो पुन्हा परतला नाही. त्याने नाहुआत्ल शिकून घेतली. त्लातेलोल्कोच्या पाठशाळेत शिकलेले तिथलेच तरुण हाताशी घेऊन त्याने गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारविचारून बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. एका रकान्यात नाहुआत्ल, शेजारच्या रकान्यात स्पॅनिश. त्यात देव आहेत, सण आहेत, लढाया आहेत; आणि बाजारात चिया विकणारी माणसेही आहेत. चांगला विक्रेता कसे स्वच्छ बी देतो आणि लबाड विक्रेता कशी भेसळ करतो, हे वाचताना आपल्याच मंडईत उभे असल्यासारखे वाटते. या बियांचे औषधी उपयोगही त्यात नोंदले आहेत.

पण हा ग्रंथ कोणत्या काळात पुरा झाला, हे लक्षात घेतले की पाने उलटताना हात थांबतो. 1576 साली मेक्सिकोत महामारी उसळली. 1520 ची देवी आणि 1545 ची साथ यांनी अगोदरच माणसे निम्म्याहून कमी करून टाकली होती. आता ही तिसरी मोठी लाट आली. साहागून आणि त्याचे लेखक, चित्रकार त्लातेलोल्कोत काम करीत बसले होते, बाहेर प्रेते पडत होती. ग्रंथाच्या शेवटच्या भागांत बरीच चित्रे रंगांवाचून राहिली आहेत. साथीमुळे रंग मिळेनासे झाले, असे अभ्यासकांना वाटते. त्यातच 1577 साली राजा दुसरा फिलिप याचा हुकूम आला की या मूर्तिपूजकांच्या चालीरीतींविषयी लिहिलेले सारे जप्त करून पाठवा. ग्रंथ युरोपात गेला आणि फ्लॉरेन्सच्या मेदिची ग्रंथालयात पडून राहिला. चियाचे झाड ओळखणारी माणसे मरत होती आणि त्याच वेळी त्यांच्याच मुलांचे हात त्या झाडाचे वर्णन लिहीत होते.

स्पॅनिश लोकांनी चियावर बंदी घातली, असे अलीकडच्या लिखाणात सर्रास वाचायला मिळते. ही गोष्ट मला जपूनच घ्यावीशी वाटते. राजगिऱ्याचे वैर निश्चित होते. त्याच्या पिठात मध कालवून देवाची मूर्ती करीत आणि तिचे तुकडे प्रसाद म्हणून खात. पाद्र्यांना त्यात आपल्या पवित्र भाकरीची विटंबना दिसली. पण पीक हटवायला दर वेळी बंदी लागतेच असे नाही. पेरणारे मेले, जमिनीवर गहू आणि मेंढ्या आल्या, नवा धनी खंडणी मागू लागला ती वेगळ्या मालाची. एवढे पुरेसे होते. चिया डोंगरातल्या वाड्यांपुरता आणि परसांपुरता उरला. 1753 साली लिनीअसने त्याचे शास्त्रीय नाव ठेवले ते साल्व्हिया हिस्पानिका, म्हणजे स्पेनची साल्व्हिया! जिंकणाऱ्याचे नाव जिंकलेल्याच्या धान्याला चिकटले ते आजतागायत तसेच आहे.

आता पेल्यातल्या दुसऱ्या निम्म्याकडे वळू. लिंबू मेक्सिकोचे नव्हे. लिंबाच्या साऱ्या गोत्राचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, आसामचा पूर्वभाग, उत्तर ब्रह्मदेश आणि युनान यांच्या पट्ट्यात असल्याचे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवले. आपले कागदी लिंबू हे एका जंगली जातीचा आणि महाळुंगाचा संकर. हे महाळुंग म्हणजे कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात असते तेच फळ. ही फळे इराणी आणि अरब लोकांनी पश्चिमेला नेली. वाटेत संस्कृतातला 'नारंग' स्पॅनिशमध्ये 'नारान्हा' झाला. 1493 साली कोलंबसाने दुसऱ्या सफरीत कानारी बेटांतील गोमेरावरून संत्र्या-लिंबांच्या बिया घेतल्या. बेर्नाल दियास या शिपायाने तर लिहून ठेवले आहे की 1518 च्या मोहिमेत मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आपण संत्र्याच्या बिया पेरल्या. लढाईला आलेला माणूस खिशातून बी काढून पेरतो, हे दृश्य मी बराच वेळ डोळ्यांपुढे आणीत होतो.

तिथे चियाला लिंबू भेटले. ते प्रथम कोणी पिळले याची नोंद कोणत्याही पोथीत नाही. अशा गोष्टी घरातल्या बायका करतात आणि पोथ्या लिहिणारे त्या वेळी दुसरीकडे पाहत असतात. पण पेय रुजले ते थेट चर्चच्या सणात. गुड फ्रायडेच्या आधीच्या शुक्रवारी मेक्सिकोत शोकाकुल मेरीची वेदी मांडतात. त्या वेदीवर लहान लहान मडक्यांतून गहू आणि चिया रुजवून ठेवतात, अगदी आपल्या घटस्थापनेच्या रुजवणासारखे. दर्शनाला येणाऱ्यांना लिंबू-साखर घातलेले चियाचे पाणी देतात; ते मेरीचे अश्रू मानायचे. स्पेनच्या वकिलाची पत्नी फॅनी काल्देरोन 1840 च्या सुमारास मेक्सिकोत राहत होती. 1843 साली छापलेल्या तिच्या पत्रांत पवित्र आठवड्यातल्या फुलापानांनी सजवलेल्या दुकानांमधले हे पेय आले आहे. ज्या बियांचा देव हरला, त्यांनी जिंकलेल्या देवाच्या आईच्या डोळ्यांत जागा मिळवली.

यानंतरची हकीकत लवकर संपते. 1990 नंतर संशोधकांनी अर्जेंटिनात चियाची व्यापारी लागवड करून पाहिली, 2009 साली युरोपने त्याला नवे अन्न म्हणून परवानगी दिली, आणि त्याच वर्षी उत्तर मेक्सिकोतल्या धावपटू रारामुरी लोकांवरचे एक इंग्रजी पुस्तक गाजले. पुढे म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेने त्याचे बी कर्नाटकातल्या शेतकऱ्यांना दिले. माझ्या भाचीच्या पुडीतले बी बहुधा मेक्सिको न पाहिलेलेच असावे.

हे सगळे मी आईला तुकड्यातुकड्यांनी सांगितले. मग तिच्या कायद्याचा मुद्दा घेतला. तिच्या एकादशीच्या ताटात त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी होती; साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो दक्षिण अमेरिकेतला. बटाटा आणि शेंगदाणा तिथलेच, रताळे अमेरिकेचेच, मिरची मेक्सिकोची. आणि राजगिऱ्याचा लाडू? तो तर ज्या धान्याची मूर्ती पाद्र्यांनी मोडली, त्याचाच. वरी तेवढी आपली. म्हणजे चिया परका म्हणून बाजूला ठेवायचा, तर त्याच्या शेजारच्या कोठारातला राजगिरा आपण कित्येक पिढ्या देवापुढे ठेवीत आलो आहोत.

मला वाटले होते, आई माझ्याशी वाद घालील. ती काही वेळ गप्प बसली. मग तिने विचारले ते भलतेच. "ती माणसे सगळीच मेली का रे?"

"नाही," मी म्हणालो. "2020 च्या खानेसुमारीत नाहुआत्ल बोलणारे साडेसोळा लाख होते."

"मग बरे," ती म्हणाली.

पुढच्या एकादशीला पहाटे मी उठलो तेव्हा देवघरात समई लागली होती. राजगिऱ्याच्या लाडवाशेजारी वाटीत थोडे चियाचे पाणी ठेवले होते, आणि त्यावर एक तुळशीचे पान होते.