विरह, विप्रलंभ आणि डोपामाइन

मंगळवार पेठेतून भवानी मंडपाकडे चालत निघाले की वाटेत तालमी लागतात. आणि तालमीत प्रेम हा विषय वर्ज्यच. मंडपालगतच्या ज्या वास्तूला आज कोल्हापूरकर 'मेन राजाराम' म्हणतात, तेथे मात्र पूर्वी राजाराम कॉलेज भरत असे, आणि या कॉलेजात मराठीतील प्रेमाचे दोन मोठे लेखक काही वर्षे बरोबरीने शिकवीत होते. ना. सी. फडके आणि माधव जूलियन. दोघांचाही जन्म १८९४ चा. फडक्यांचा विषय तत्त्वज्ञान, माधवरावांचा फारसी.

फडक्यांच्या कादंबऱ्यांतील प्रेम तंत्रशुद्ध असते, म्हणून त्यांच्यापाशी आम्ही फार रेंगाळत नाही. माधवराव १९२८ मध्ये कोल्हापुरास आले ते पोळून. एका विद्यार्थिनीशी जडलेल्या स्नेहावरून पुण्यात गदारोळ झाला आणि १९२४ मध्ये त्यांना फर्ग्युसन कॉलेज सोडावे लागले. पुढे अमरावतीस शाळेत नोकरी. 'विरहतरंग' हे खंडकाव्य १९२६ चे, म्हणजे या वनवासातले.

आमच्या वर्गात ही हकिकत निघाली की हल्ली एखादा विद्यार्थी हमखास म्हणतो, 'सर, ते सगळं डोपामाइन!' हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. पण तपासून मात्र घ्यावे.

हेलन फिशर, आर्थर ॲरन, ल्यूसी ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नुकत्याच प्रेमात पडलेल्या सतरा जणांना प्रिय व्यक्तीचे छायाचित्र दाखवून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले होते. मध्यमेंदूचा जो भाग डोपामाइन निर्माण करतो, तो उद्दीपित झालेला दिसला. हे यंत्र रक्तप्रवाहातील फरक टिपते, डोपामाइन मोजत नाही. वर्तमानपत्री लेखांतून नेमके एवढेच गळते. त्याआधी, १९९९ मध्ये, इटलीत दोनातेल्ला माराझ्झिती यांना नवप्रेमिक आणि मंत्रचळेपणाचे रुग्ण या दोहोंच्या रक्तातील प्लेटलेट्समध्ये सेरोटोनिन-वाहक प्रथिन सारखेच घटलेले आढळले होते. प्रेमिक अवघे वीस, आणि प्लेटलेट्स म्हणजे मेंदू नव्हे. तरीही ध्यास आणि व्याधी यांचे हे शेजार साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटावे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त ज्या दहा कामदशा सांगितल्या, त्यांत चिंता, स्मृती आणि गुणकथन यांपासून उन्माद, व्याधी आणि जडता येथवरचा उतार आहेच.

आम्हांला त्याहून मोलाचा वाटतो तो फिशर यांच्या गटाचाच २०१० चा प्रयोग. या वेळी निवडलेले पंधरा जण प्रेमात नाकारले गेलेले, तरीही त्याच व्यक्तीत गुंतलेले होते. छायाचित्र पाहताच त्यांच्याही मध्यमेंदूचा तोच भाग जागा झाला. माणूस निघून गेले तरी मेंदू आशा सोडत नाही, असेच म्हणावयाचे! आमच्या आलंकारिकांनी संभोग आणि विप्रलंभ असे दोन वेगळे रस मानले नाहीत. शृंगार एकच, त्याच्या बाजू दोन. वर्गात ही विभागणी आम्ही वर्षानुवर्षे परीक्षेपुरती शिकवली. विरहाला शृंगारातच का धरायचे, करुणात का नाही, हा प्रश्न मुलांनी विचारला की 'आशा शिल्लक असते म्हणून' हे पाठ उत्तर देत होतो. त्या उत्तरात किती निरीक्षण मुरलेले आहे, हे त्या पंधरा जणांमुळे आम्हांला उमगले.

मात्र त्या विद्यार्थ्याचे 'सगळं' आम्हांला मान्य नाही. मेंदूतील रसायन ध्यासाचा काही उलगडा करील. अमुकच व्यक्तीचा ध्यास का, हे त्यातून कळत नाही. आणि पुण्यातला गदारोळ तर मध्यमेंदूत मुळीच सापडणार नाही. त्यासाठी १९२४ चे पुणे वाचावे लागते; मुली कॉलेजात येऊ लागल्याने पांढरपेशा समाज कसा बिचकला होता, हे पाहावे लागते. शिक्षक आणि विद्यार्थिनी या नात्यातील असमानताही विसरता येत नाही. आज आम्ही त्याच व्यवसायात आहोत, त्यामुळे माधवरावांच्या बाजूने निःशंकपणे उभे राहणे आम्हांला जमत नाही. त्यांच्या कवितेवर प्रेम असूनही जमत नाही.

असो. माधवराव १९३९ मध्ये वारले. डोपामाइन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक आहे, हे स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी दाखवले ते १९५७ च्या सुमारास. त्यांनी सशांना रेसर्पिन टोचले. आपल्याकडील सर्पगंधेच्या मुळांतून निघणारे हे औषध. ससे निपचित पडले, म्हणजे विश्वनाथाच्या यादीतील जडताच; मग डोपामाइन ज्यापासून बनते ते एल-डोपा देताच ते पुन्हा हिंडू लागले.